दोन नळ्या, दोन चाप

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

चौलच्या वाड्यांत माझे आजोळ. नारळी-पोफळीची बाग, विहिरीवर रहाट आणि माजघरात एक शिसवी कपाट. त्याची किल्ली सदैव आजोबांच्या कमरेला असे. आम्हा मुलांना वाटे, घरातले सोने त्यातच असणार. सोने नव्हते, एक दुनळी बंदूक होती. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दसऱ्याला, आजोबा ती बाहेर काढीत. नळ्या मोडून आत काडतूस नाही ना, हे आधी पाहत, मग आम्हालाही पाहायला लावीत आणि त्यानंतरच तेलाचे फडके हातात घेत.

एका दसऱ्याला मी विचारले, "आजोबा, हिला दोन चाप कशाला? ओढायचे तर एकाच बोटाने ना?"

आजोबा म्हणाले, "पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. कुठला ओढायचा, ते समोरचं जनावर ठरवतं."

मला तेव्हा काहीच कळले नाही. पुढे वाचनात आले, की नेमक्या याच प्रश्नावर विलायतेतल्या कारागिरांनी शंभराहून अधिक वर्षे डोके खर्च केले होते. आणि आपल्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या खाऱ्या, दमट हवेने त्या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर केव्हाच देऊन टाकले होते. आज त्या दोन चापांचीच गोष्ट सांगणार आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बातम्यांत आपण 'घोडा दाबला' असे वाचतो. खरे तर घोडा दाबायचा नसतो, चढवायचा असतो. जुन्या बंदुकीच्या पाठीवर वाकडा हातोडा दिसतो, तो घोडा. अंगठ्याने तो मागे ओढला की आतली कमान ताणली जाते आणि घोडा एका खाचेत अडकून राहतो. खाली बोटाने ओढायचा, तो चाप. चाप ओढला की खाच सुटते, घोडा आपटतो आणि बार उडतो. अडवून धरलेली ताकद मोकळी करायची, एवढेच चापाचे काम.

आपल्या किनाऱ्याला दारूगोळा काही नवा नाही. जंजिऱ्याच्या बुरुजावरची कलाल बांगडी आपण सर्वांनी पाहिली आहे. अशा तोफेला चाप नसतो. रंजक घालायची आणि बत्ती द्यायची. पुढे तोड्याच्या बंदुकीत ती जळती वात बंदुकीलाच अडकवली गेली आणि वात खाली टेकवण्यासाठी चाप आला. मग वातीच्या जागी घोड्याच्या तोंडात गारगोटी बसली, ती चकमकीची बंदूक. कोर्लईचे पोर्तुगीज, कुलाब्याचे आंग्रे, जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या काळातल्या बंदुका तोड्याच्या आणि चकमकीच्या. त्या एकनळी, एकदा उडवली की पुन्हा ठासेपर्यंत नुसती काठीच.

ही अडचण शिकाऱ्याला जास्त जाचे. पाखरू उठले, नेम चुकला, की दुसरी संधी नाही. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या कारागिरांनी दोन हलक्या नळ्या शेजारी-शेजारी जोडून एका दस्त्यावर बसवल्या. प्रत्येक नळीला स्वतःचा घोडा, स्वतःची कमान, स्वतःचा चाप. दोन बंदुकाच एका लाकडावर नांदायला आल्या म्हणा ना! तेव्हा दोन चाप ही कोणी काढलेली खास युक्ती नव्हती. तो सगळ्यांत सरळ मार्ग होता.

नंतरच्या शंभर वर्षांत बंदुकीचे बाकी सगळे बदलले. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याला बदके मारण्याचा नाद होता. चकमकीची ठिणगी दिसताच बदके बुडी मारतात, हे पाहून तो वैतागला आणि ठोक्याने पेटणारी दारू वापरण्याची रीत त्याने शोधली. १८०७ मध्ये त्याने पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये लफोशो याने नळ्या मोडून मागून काडतूस भरण्याची बंदूक केली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती इंग्रजांनी पाहिली आणि ठासणीचे दिवस भरत आले. १८७५ मध्ये बर्मिंगहॅममध्ये अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी घोडे बाहेरून काढून पेटीच्या आत लपवले. नळ्या मोडल्या की आतले घोडे आपोआप चढत. दिसायला बिनघोड्याची बंदूक, पण खाली चाप मात्र तेच दोन.

असे का, हे समजण्यासाठी नळीत डोकावले पाहिजे. दुनळीच्या दोन्ही नळ्या बाहेरून सारख्या दिसतात, पण बहुधा आतून सारख्या नसतात. एकीचे तोंड सरळ, दुसरीचे टोकाशी जरासे आवळलेले. आवळलेल्या तोंडातून छर्रे दाट जातात आणि लांबवर एकत्र राहतात. मोकळ्या तोंडातून ते लवकर पसरतात. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने १८७४ च्या सुमारास हे आवळणे पक्के शास्त्रशुद्ध करून दाखवले. तेव्हापासून रिवाज पडला, की उजवी नळी मोकळी, डावी आवळ. तितर पायाखालून उठला की पहिला बार जवळून, म्हणून पुढचा चाप. तो चुकला, तितर लांब गेला, तर मागचा. उलट बदक समोरून येत असेल, तर आधी मागचा चाप आणि ते जवळ आल्यावर पुढचा. निवड करायला वेळ लागत नाही, बोट जेमतेम इंचभर सरकवावे लागते. म्हणूनच दोन चापांच्या बंदुकीचा दस्ता बहुधा मुठीपाशी सरळ असतो, हात मागे घसरावा म्हणून. काही बंदुकांत पुढचा चाप बिजागरीचा असतो. मागचा ओढताना धक्क्याने बोटाला इजा होऊ नये म्हणून तो पुढे लवतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडली. कोकणातला शिकारी पाखरांसाठी वेगळा आणि डुकरासाठी वेगळा असा रानात जात नसे. एका नळीत बारीक छर्रा, दुसरीत डुकराचे मोठ्या दाण्याचे 'एलजी' काडतूस. हाक्यात पुढे काय निघेल, याचा नेम नाही. ससा निघाला तर एक चाप, डुक्कर निघाले तर दुसरा. 'ते समोरचं जनावर ठरवतं', या आजोबांच्या बोलण्याचा अर्थ हाच होता.

आता ही बंदूक आपल्या किनाऱ्यावर आली कशी? वाट सोपी होती. समोर मुंबई, मध्ये खाडी. विलायती माल मुंबई बंदरात उतरे आणि तिथल्या दुकानांतून धरमतर, रेवस, रेवदंड्याकडे येई. अडसर होता तो कायद्याचा. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. युरोपियनांना मात्र सूट. पुढच्याच वर्षी याच जिल्ह्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले. मे १८७९ मध्ये त्यांच्या माणसांनी पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले आणि सरकार हादरले. हत्यारांच्या कायद्यात दुरुस्ती करावी, असा ठराव राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात केला, पण कायदा हलला नाही. परवान्याची दुनळी घरात असणे ही मग पतीची आणि पतीपेक्षाही सरकारदरबारी असलेल्या विश्वासाची खूण ठरली. परवान्यावर 'डीबीबीएल' अशी इंग्रजी अक्षरे असत. त्याचा अर्थ दोन नळ्यांची, मागून भरायची. 'बारा बोअर' म्हणजे काय, हेही अनेकांना ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत चपखल बसेल, ती बारा बोअर.

किनाऱ्याचा दक्षिण भाग जंजिरा संस्थानाचा. मुरूड आणि रोहे यांच्या मधले फणसाडचे जंगल नबाबांच्या शिकारीसाठी राखलेले होते. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. जनावर पाण्यावर येते आणि शिकारी मचाणावर वाट पाहतो, हा खेळ त्या गाणींच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालला.

इकडे हे चालू असताना लंडनमध्ये मात्र दोन चापांवर खल सुरू झाला होता. बोट सरकवायला नको, पकड बदलायला नको, थंडीत हातमोजे असले तरी अडचण नको. एकच चाप दोनदा ओढावा आणि दोन्ही बार निघावेत, असे तिकडच्या शौकिनांना वाटू लागले. ऐकायला सोपे आहे, पण करायला फार अवघड निघाले. चकमकीच्या काळापासून प्रयत्न झाले, तरी एक दोष जाईना. पहिला बार उडाला, की दुसराही बहुधा त्याच क्षणी उडे. शिकारी शपथेवर सांगे, की मी चाप एकदाच ओढला!

तो खोटे बोलत नव्हता. बार उडताच बंदूक खांद्यावर मागे आपटते. तेवढ्यात बोट चापावरून सुटते. लगेच खांदा बंदुकीला पुढे ढकलतो, हाताची पकड आवळते आणि बोट चापावर पुन्हा दाबले जाते. हे इतक्या झटकन होते, की माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे मनाने एकदा आणि शरीराने दोनदा, असा तो चाप ओढला जातो. लंडनच्या 'बॉस' कंपनीचे जॉन रॉबर्टसन यांनी हे ओळखले आणि १८९४ मध्ये त्यावर तोड काढली. त्यांच्या यंत्रात चाप तीनदा ओढला जातो. पहिल्या ओढीला पहिला बार. नकळत होणारी दुसरी ओढ यंत्र नुसती गिळून टाकते. जाणूनबुजून केलेल्या तिसऱ्या ओढीला दुसरा बार.

पुढे दुसरी रीत आली. बंदुकीच्या धक्क्याने आतला एक वजनी ठोकळा हलतो आणि तो चापाला दुसऱ्या नळीशी जोडून देतो. काही बंदुकांत आधी कुठली नळी उडवायची, हे ठरवण्यासाठी एक बटण दिले. अमेरिकेत ब्राउनिंगच्या वर-खाली नळ्यांच्या बंदुकीला १९३० च्या दशकात असेही दोन चाप मिळत, की त्यांतला कुठलाही एक दोनदा ओढला तर दोन्ही बार निघत. फक्त आधी कुठला, एवढाच फरक. हळूहळू एक चाप हीच पुढारलेली गोष्ट ठरली. स्पर्धेत चकत्या उडवणारे नेमबाज तर आज एकाच चापाच्या बंदुका वापरतात.

मग आपल्याकडच्या जुन्या दुनळ्यांना बहुतेक दोनच चाप का दिसतात? एक चाप महाग होता, हे खरे. पण केवळ तेवढेच कारण नव्हते. आपल्या हवेत काय होते, ते पाहा. जुनी काडतुसे कागदी असत. श्रावणात ती दमट होऊन फुगत. कधी नळीतच अडकत, कधी चाप ओढल्यावर नुसतेच 'फुस्स' होई. धक्क्यावर चालणाऱ्या एक चापाच्या बंदुकीत पहिले काडतूस फुसके निघाले, की धक्काच बसत नाही. धक्का नाही, म्हणून ठोकळा हलत नाही, आणि चाप दुसऱ्या नळीकडे जातच नाही. समोर डुक्कर असेल, तर ही गंमत राहत नाही. दोन चापांच्या बंदुकीत एका नळीने दगा दिला, तरी दुसरी पूर्णपणे वेगळी. तिचा घोडा वेगळा, कमान वेगळी, खाच वेगळी. वाघ-गव्याच्या मागे जाणारे अनुभवी शिकारी दोन चापांनाच चिकटून राहिले, ते याच भरवशामुळे. शिवाय खाऱ्या वाऱ्याचा गंज. एक चापाचे यंत्र बिघडले, तर ते घड्याळासारखे उलगडणारा कारागीर लागे. दोन चापांचे यंत्र गावाकडचा जाणता कारागीरही नीट करू शके. इंग्लंडमध्ये जे जुनाट ठरत होते, ते अलिबाग-मुरुडला शहाणपणाचे होते.

या किनाऱ्यावरच्या बंदुकीची गोष्ट सलीम अलींशिवाय पुरी होत नाही. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तिथून एका मोठ्या पक्षितज्ज्ञाचा प्रवास सुरू झाला. त्या काळी पक्षी ओळखायचा, तर नमुना हातात लागे. म्हणजे बंदूक हे शास्त्रज्ञाचेही हत्यार होते. पक्षी गोळा करणाऱ्यांना दोन चाप फार सोयीचे. एका नळीत चिमणीएवढ्या पाखरासाठी धुळीसारखा बारीक छर्रा, दुसरीत घारीएवढ्या पक्ष्यासाठी जाड. चुकीचा चाप ओढला, तर नमुन्याच्या चिंध्या होत.

पण याच सलीम अलींनी १९३० मध्ये, नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर एक खोपा अर्धा विणतो, मादीला पसंत पडला तर पुरा करतो आणि मग दुसरा खोपा, दुसरी मादी, हे त्यांनी तिथे तासन्‌तास बसून टिपले. नावावर शेकडो नमुने असलेल्या माणसाच्या या गाजलेल्या अभ्यासाला बंदूक लागलीच नाही. नजर आणि वही पुरली.

पुढे काळच बदलला. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार पुरते बंद झाले. नबाबांचे फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झाले. ज्या गाणींवर मचाणे बांधली जात, तिथे आता लोक दुर्बीण घेऊन बसतात. यात हळहळण्यासारखे काही नाही. पीक खाणाऱ्या डुकरावरही वनखात्याच्या परवानगीशिवाय आता बार टाकता येत नाही.

प्रश्न उरला तो कपाटांत राहिलेल्या बंदुकांचा. चौल, श्रीवर्धन, म्हसळे, रोहे इकडच्या जुन्या घरांत अजूनही अशा दुनळ्या आहेत. मूळ परवानेदार गेलेले किंवा थकलेले, मुले मुंबई-पुण्याला. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. नातवाला ती नळ्या मोडून उघडायची कशी, हेही ठाऊक नसते.

आमच्या घरी हेच झाले. आजोबा गेल्यावर मामांनी बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे द्यायचे ठरवले. मी सोबत गेलो. दुकानातल्या वृद्ध कारागिराने नळ्या मोडून आत पाहिले, रिकाम्या असल्याची खात्री केली, नळ्यांत खोटी काडतुसे घातली. मग दोन्ही घोडे चढवले आणि फक्त पुढचा चाप ओढला.

दोन्ही घोडे पडले.

त्याने पुन्हा चढवले, पुन्हा पुढचाच ओढला. उजवा घोडा आपटला आणि त्या हादऱ्याने डावा आपण होऊन सुटला. "डावी खाच झिजलीय," तो शांतपणे म्हणाला. "भरलेली असती, तर दोन्ही बार एकदम गेले असते. आणि धक्का कशाला, नुसती हातातून पडली असती तरी पुरे होतं."

मामांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मला आजोबांचा नियम आठवला: आधी नळ्या मोडून पाहायच्या, मग बाकी सगळे. जो भरवसा दोन चापांचा मोठेपणा म्हणून मी आतापर्यंत सांगत होतो, तो शेवटी केसाएवढ्या एका खाचेवर उभा होता. ती खाच कपाटात बसल्या-बसल्या गंजत होती आणि दर दसऱ्याला आम्ही हिच्यावर फूल वाहत होतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे, त्यांना कळकळीची विनंती. चालते का, हे पाहण्यासाठी ती उडवू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या नळ्यांपैकी कित्येक काळ्या दारूसाठी घडवलेल्या आहेत. आजच्या काडतुसाचा जोर त्यांना सोसेलच असे नाही. नळ्यांवर पाण्यासारखी नक्षी दिसत असेल, तर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ती जुनी घडण आहे, तिच्या वाटेलाच जाऊ नका. परवानेदार वारला असेल, तर बंदूक तशीच घरात ठेवणे बेकायदा आहे. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करता येते. वारसाला परवाना मागण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. तो मिळाला, तरी आधी जाणत्या कारागिराला बंदूक दाखवा.

दुकानातल्या वहीत आमच्या बंदुकीची नोंद झाली. बारा बोअर, डीबीबीएल, घोड्याची, क्रमांक अमुक. मामांनी सही केली. निघताना मी कारागिराला विचारले, डावी खाच दुरुस्त होईल का? "होईल की," तो म्हणाला, "दोन चापांची आहे. हिचं सगळं उघड असतं."

परतताना बोटीत मामा बराच वेळ गप्प होते. मांडवा दिसू लागल्यावर म्हणाले, "बाबा एवढं जपायचे, मला वाटायचं उगाच करतात." घरी आल्यावर त्यांनी कपाटाची किल्ली देवघरात ठेवली. त्या कपाटात आता लोणच्याच्या बरण्या आहेत.